बाळाचा वाढदिवस आणि घरचा हिशेब



बाळाला वर्ष झालं की घरात लगबग सुरू होते. आजी औक्षण करते, आळीतली पोरं गोड खातात. हा आनंद हवाच. पण हल्ली गावातही मंडप, फलक, तालुक्याहून आणलेला केक आणि शंभर पानं उठवायची रीत पडली आहे. त्यासाठी कुणी शेळी विकतो, कुणी मुकादमाकडून उचल घेतो. बाळाला त्यातलं काय कळतं? ते बिचारं गर्दीला भिऊन रडतं!

त्यापेक्षा अंगणवाडीत बाळाचं वजन करून घ्या. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाला साधारण नऊ किलो भरलं पाहिजे. कमी भरलं, तर केकचे पैसे अंडी, दूध, डाळीकडे वळवा. मुलगी असेल, तर २०१५ साली निघालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत पोस्टात वर्षाला २५० रुपये भरूनही खातं चालतं.

आणखी एक गोष्ट नवरा-बायकोनं मिळून बोलायची. पहिल्या वाढदिवसालाच आईला पुन्हा दिवस गेलेले असले, तर तिच्या अंगात रक्त भरायला सवड कुठली? दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचं अंतर ठेवा. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते, हवी तेव्हा काढता येते. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. निरोध मागायला पुरुषांनी लाजू नये. हे सारं प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. आशाताई घरी येतील, तेव्हा दोघंही हजर राहा.