उतरताना हात मोकळे

बाय, अंटार्क्टिकाचं तिकीट झालं म्हणे. गरम कपडे कुठले घ्यायचे ते सांगायला दुकानदार आहेत. मी फक्त बोटीतून उतरायचं सांगतो, कारण माझी डेकवरची शेवटची वर्षं त्याच कामात गेली.

तिथे धक्का नाही. पूर्वी मुंबईची आगबोट रत्नागिरीला खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, तसंच. पडावाच्या जागी झोडियाक, म्हणजे इंजिन लावलेली रबरी होडी. शिडीवरून तिच्यात उतरताना दोन्ही हात मोकळे ठेव. मोबाईल, कॅमेरा, पाण्याची बाटली, सगळं पाठीवरच्या पिशवीत. खलाशी हात पुढे करेल, तेव्हा त्याचा पंजा धरू नको, मनगटाच्या वर धर. तोही तुझं तसंच धरेल. ओला हातमोजा पंजातून निसटतो. होडी लाटेवर वर आली की तो ‘ये’ म्हणेल, तेव्हाच पाय टाक. आधी रबरी काठावर, मग आत, आणि लगेच बस. उडी मारायची नाही. मिरकरवाड्याच्या जेटीवर वाढलेलेच तिथे जास्त आगाऊपणा करतात!

किनाऱ्याला लागल्यावर बसल्या बसल्या पुढे सरक आणि सांगतील तेव्हाच पाय बाहेर टाक. वॉटरप्रूफ पँट गमबुटावरून खाली सोडलेली हवी. आत खोचलीस तर पहिल्याच लाटेला बूट भरला समज.

आता कुसळांचं. तिकडचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि नेमके तेव्हाच आपले सडे वाळलेले. सड्यावर घातलेले मोजे, बूट तिकडे नेऊ नको. न्यायचेच तर वेल्क्रोतली कुसळं सुईने एकेक काढ, तळव्याच्या खाचांतली लाल माती जुन्या टूथब्रशने घासून काढ. जहाजावर खिसे, पिशव्या व्हॅक्यूमने साफ करवतात, बूट जंतुनाशकात बुडवायला लावतात. दक्षिण जॉर्जिया बेटावर तर तपासणी फारच कडक. उगाच नाही हे. किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं गवत रुजलं, ते निपटून काढता काढता शास्त्रज्ञ दमले.

एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरवतात, म्हणून आपला नंबर येईपर्यंत थांबावं लागतं. सगळे कपडे चढवून आधीच उभी राहिलीस तर आत घामाने भिजशील आणि बाहेर कुडकुडशील. लघवीला जहाजावरच जाऊन ये, तिथे आडोसा शोधायची सोय नाही. खाणंही न्यायचं नाही, खिशातली आंबापोळीसुद्धा.

पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहा. तो चालत आला तर वाट त्याची, तू थांब. बर्ड फ्लूमुळे हल्ली जमिनीवर बसू देत नाहीत, पिशवीही टेकवू देत नाहीत. बर्फात पाय खोल रुतला तर खड्डा बुजवून पुढे जा, नाहीतर पेंग्विन त्यात अडकतो.

वारा वाढला की कप्तान वेळेआधी परत बोलावतो. बोलावणं आलं की फोटो अर्धा टाकून नीघ. आणि जहाजावर चढताना कार्ड स्कॅन कर. विसरलीस तर तू केबिनमध्ये चहा पीत असशील आणि ते किनाऱ्यावर तुला शोधत बसतील.