रानाची शुश्रूषा



उजाड माळावर झाड लावणे हे सत्कर्म होय, हे आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून पावसाळा आला की शाळाशाळांतून खड्डे खणले जातात व रोपे लावली जातात. परंतु जे रान अद्याप उभे आहे, पण परकी झुडपांनी आतून ग्रासले आहे, त्याचे काय करावे? तेथे नवे झाड लावून भागत नाही. कोयता घेऊन सरसकट तोडणी केल्यानेही भागत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर ऑस्ट्रेलियातील दोन भगिनींनी स्वतःच्या श्रमाने शोधून काढले. त्याचा परिचय करून देण्याचा आमचा हेतू आहे.

सिडनी शहरात बंदराच्या काठी मॉस्मन नावाचे उपनगर आहे. तेथील अ‍ॅश्टन पार्क या राखीव जागेत वालुकाश्माच्या खडकावर वाढलेले मूळचे रान शिल्लक आहे. आयलीन व जोन ब्रॅडली या भगिनी त्याच परिसरात राहत. झुडपे सपाटून तोडली की थोड्याच काळात तेथे पूर्वीहून दाट तण माजते, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी फिरावयास जाता-येता थोडेथोडे तण हाताने उपटण्यास आरंभ केला, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे काय उगवते ते बारकाईने पाहिले. या अनुभवावर जोन यांनी १९७१ साली एक पुस्तिका लिहिली. त्यांचा सविस्तर ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९८८ साली प्रसिद्ध झाला.

त्या रानातील एक मोठा शत्रू आपल्या ओळखीचाच आहे. ती म्हणजे घाणेरी, अर्थात टणटणी. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. रंगीबेरंगी फुलांच्या मोहाने लोकांनी ती एकोणिसाव्या शतकात बागांतून लावली. भारतात ती १८०९ साली कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आली. पक्षी तिची फळे खातात व बी दूरवर टाकतात. तिची पाने विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. मायदेशी तिला आवर घालणारे किडे व रोग येथे तिच्याबरोबर आले नाहीत. मग तिची वाढ थांबावी कशी?

ब्रॅडली भगिनींच्या पद्धतीत तीन नियम आहेत. पहिला नियम असा की, जेथे रान उत्तम आहे तेथून आरंभ करावा आणि जेथे ते बिघडले आहे त्या दिशेने हळूहळू सरकावे. आपली स्वाभाविक बुद्धी याच्या उलट सांगते. सर्वांत दाट जाळी पाहिली की तिच्यावर तुटून पडावेसे वाटते. परंतु निरोगी भागात देशी वनस्पतींचे बी व मुळे जमिनीत तयारच असतात. तेथील चार परकी रोपटी काढली की ती रिकामी जागा रान स्वतःच भरून काढते.

दुसरा नियम, माती शक्य तितकी कमी हलवावी. लहान खुरपे, सुरी व पक्कड एवढी हत्यारे पुष्कळ होत. रोपटे मुळासकट काढून माती पुन्हा दाबावी व तिच्यावर पूर्वीचाच पालापाचोळा पसरावा. उघड्या मातीवर ऊन पडले की तिच्यात सुप्त असलेले तणाचे बी जागे होते.

तिसरा नियम सर्वांत कठीण आहे. देशी रोपे ज्या वेगाने वाढतील, त्याच वेगाने तण काढावे; त्याहून अधिक नाही. एका दिवसात मोठा पट्टा मोकळा केला तर डोळ्यांस समाधान वाटते, पण तो पट्टा राखण्यास पुरेसे हात नसतील तर पुढल्या पावसात तेथे तणाचेच राज्य होते. शिवाय काटेरी जाळीत लहान पक्षी आसरा घेतात. त्यांनाही दुसरे घर मिळण्यास अवधी हवा.

ही पद्धत सर्वत्र पुरेशी पडेल असे नव्हे. डोंगरच्या डोंगर घाणेरीने व्यापले असतील तेथे अन्य उपाय योजावे लागतात. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी दाखवून दिले की, घाणेरी वरून छाटली तर बुडाशी पुन्हा फुटते. म्हणून तिचे मूळ जमिनीच्या खाली तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते.

येथे एक गोष्ट विसरू नये. कोणतेही झाड जात्या दुष्ट नसते. आपल्या गोव्यात व कोकणात ठिकठिकाणी लावलेला अकेशिया हा ऑस्ट्रेलियाचाच रहिवासी. तेथील रानात त्याचे स्थान आहे, आपल्या किंदळ-माट्टीच्या रानात मात्र तो पाहुणा. रानमोडी या झुडपाला तर लोकांनी नावच असे दिले की त्यात त्याचे कर्तृत्व सांगितले आहे. आमच्या घरच्या कोकणीत आणि शाळेतल्या मराठीत 'रान' हा शब्द एकच आहे. ते मोडले तर दोन्ही भाषांचे सारखेच नुकसान.

सत्तरीसारख्या भागांत अजून देवराया आहेत. एखाद्या देवराईच्या कडेने घाणेरी वा रानमोडी आत शिरताना दिसली, तर ग्रामस्थांची अनुमती घेऊन विद्यार्थ्यांनी हे काम अवश्य हाती घ्यावे. मात्र आधी जाणत्या माणसाबरोबर हिंडून रोपट्यांची ओळख करून घ्यावी. ज्याची ओळख पटली नाही ते उपटू नये. आठवड्यातून एक तास, तीच जागा आणि तेच सवंगडी, असा नेम वर्षानुवर्षे चालला तरच फळ दिसेल. उपटलेल्या तणाचा ढीग किती उंच झाला, यावरून या कामाची परीक्षा होत नाही. रिकाम्या झालेल्या जागी किंदळाचे रोप आले की नाही, यावरून होते. झाड लावणाऱ्याचे नाव पाटीवर लिहिता येते. रानाची शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाची पाटी कोठेही लागत नाही. हे ठाऊक असूनही जो दर आठवड्यास खुरपे घेऊन जाईल, तोच रानाचा खरा सेवक होय.