पाच बैलजोड्या आणि एक जीप
(लूक १४:१५-३०)

मेजवानीचे आमंत्रण नाकारणाऱ्या एकाने पाच बैलजोड्या घेतल्या होत्या व त्या पारखण्यास तो निघाला होता. (खरेदीनंतर पारख, हेही नवलच!) खरेदी पाप नव्हती, तिने त्याची वेळ मात्र घेतली.

शनिवार-रविवारच्या मौजेसाठी आपण महिंद्रा थारसारखी गाडी घेऊ इच्छिता काय? याच अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याप्रमाणे आधी बसून हिशेब करा: हप्ता, विमा, जाड टायर, डिझेल. २०२० सालच्या तीनदारी थारमध्ये पुढचे आसन दुमडून मागे चढावे लागते. वृद्ध आईस उपासनेला नेणे जमेल काय? वर्षातून दोनदाच चिखलवाट तुडवायची असेल, तर भाड्याची जीप पुरते. डोंगरवस्तीत सेवेस जात असाल, तर हिशेब निराळा. तो घरच्यांसह मांडावा.