रक्त 'पातळ' करणारी गोळी नेमकं काय करते?



पाचवीच्या वर्गात रक्ताचा पाठ चालू होता. एका मुलीने हात वर केला. "बाई, आमच्या आजोबांना रक्त पातळ करायची गोळी होती. आजी म्हणाली, रक्त पाण्यासारखं झालं म्हणून चक्कर येते. आता बंद केली गोळी."

मी विचारलं, "गोळी कशासाठी होती गं?" तर म्हणे, हृदयात स्प्रिंग बसवलीय. म्हणजे स्टेंट! त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि आजच डॉक्टरांना फोन करा म्हटलं. गोळी पुन्हा सुरू झाली. चक्कर येण्याचं कारण वेगळंच निघालं. एका चुकीच्या शब्दाने केवढा धोका ओढवला होता! म्हणून हा पाठ.

आधी गुठळी समजून घेऊ

शेताचा बांध फुटला की आपण काय करतो? आधी दगड टाकतो, मग त्यावर काट्याकुट्यांचं जाळं अंथरून माती दाबतो. शरीरही तेच करतं. जखम झाली की रक्तातल्या रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट्स, तिथे चिकटतात. हे झाले दगड. मग फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होऊन त्यावर जाळं विणतात. झाली गुठळी, थांबलं रक्त.

पण हीच गुठळी जखम नसताना रक्तवाहिनीच्या आत झाली तर? हृदयाच्या वाहिनीत अडकली तर हार्ट अटॅक, मेंदूच्या वाहिनीत अडकली तर पक्षाघात.

तीन प्रकारची औषधं, तीन वेगळी कामं

१) दगड चिकटू न देणारी: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल. ॲस्पिरिनने एकदा निकामी केलेली रक्तपट्टिका मरेपर्यंत तशीच राहते. तिचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं. म्हणून गोळी बंद केली तरी परिणाम लगेच जात नाही. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी चालू आहे हे आधीच सांगायचं.

२) जाळं विणू न देणारी: हेपॅरिनचं इंजेक्शन, वॉरफेरिन आणि त्याच्या गटातल्या गोळ्या. जाळं विणायला लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागतं. वॉरफेरिन नेमकं त्याच्याच कामात खोडा घालतं. पालक, मेथी अशा हिरव्या पालेभाज्यांत हे जीवनसत्त्व भरपूर असतं. मग भाजी बंद करायची का? नाही! रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, एवढंच. गोळीचा परिणाम बघायला आयएनआर ही रक्ततपासणी करतात. बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात.

३) झालेली गुठळी विरघळवणारी: स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज. आपल्या रक्तात जाळं कापणारी कात्री असतेच, पण ती मिटलेली असते. ही औषधं ती उघडतात. ही घरी घ्यायची औषधं नाहीत, दवाखान्यातच देतात.

आता लक्षात आलं ना? पहिल्या दोन प्रकारांनी रक्तात पाणी वाढत नाही की रक्त पातळ होत नाही. फक्त गोठायला वेळ लागतो. झालेली गुठळीही ती विरघळवत नाहीत, नवी होऊ देत नाहीत आणि आहे ती वाढू देत नाहीत.

मुलांना आवडणारी गोष्ट

सुमारे १०० वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणारं रक्त डब्यात घेऊन कार्ल पॉल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या शोधातून पुढे वॉरफेरिन आलं. आधी उंदीर मारायला, आणि १९५४ पासून माणसाच्या औषधात!

पालकहो, इथे जरा थांबा. बाजारात मिळणाऱ्या उंदीर मारायच्या काही वड्यांत याच जातीचं विष असतं. मुलाने ती चुकून खाल्ली तर एक-दोन दिवस काहीच दिसत नाही आणि मग रक्तस्राव सुरू होतो. "बरा दिसतोय की" म्हणून थांबू नका. वडीचं पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा.

वर्गात करून बघा

दहा मुलांना रक्तपट्टिका करा, हात धरून रांग करू द्या. दोघांनी सुतळीने जाळं विणायचं. मग एकाला ॲस्पिरिन करा, तो हात धरू देणार नाही. दुसरा वॉरफेरिन, तो सुतळीच देणार नाही. तिसऱ्याच्या हातात कागदी कात्री. अर्ध्या तासात पाठ पक्का!

घरी सांगायच्या चार गोष्टी

- गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, विसरली म्हणून दुप्पटही घ्यायची नाही.
- अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही. रक्तस्राव वाढू शकतो.
- काळी शौचास, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा फुटणं किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच डॉक्टर.
- तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तेही आधी सीटी स्कॅन करून, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं.

आपल्या कितीतरी मुलांच्या घरी औषधाची चिठ्ठी वाचणारं तेच एकटं असतं. त्याला नीट समजलं, तर घरालाही समजेल.