अश्वशक्ति : पाटीवरची व पाण्यांतली

रावेर-यावलच्या केळीस उन्हाळ्यांत पाण्याचा खाडा चालत नाहीं, म्हणून कित्येक पालक कर्ज काढून पंप घेतात. त्याच्या पाटीवर ‘५ अश्वशक्ति’ असें लिहिलेलें असतें. आंकडा खोटा नसतो. पण तो मोटारीच्या दांड्यावरचा असतो, पाटांत पडणाऱ्या पाण्याचा नव्हे.

अश्वशक्तीचें माप जेम्स वॉट यानें ठरविलें. सेकंदास सुमारें ७६ किलोग्रॅम वजन एक मीटर उचलणें म्हणजे एक अश्वशक्ति. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. तेव्हां हा हिशेब आमचे विद्यार्थी मळ्यांतच करूं शकतील. समजा, पंप चालू असतां विहिरींतील पाणी नळाच्या तोंडापासून १९ मीटर खोल आहे आणि २०० लिटरचें पिंप २० सेकंदांत भरतें. म्हणजे सेकंदास १० लिटर. १० गुणिले १९ म्हणजे १९०. त्यास ७६ नें भागिलें असतां उत्तर अडीच. उरलेली अडीच कोठें गेली? कांहीं पंपाच्या चक्रांत पाणी घुसळण्यांत, कांहीं नळाच्या घर्षणांत व वांकणांत. विजेचा दाब उतरला कीं काय होतें, हें शेतकऱ्यास आम्हीं सांगावयास नको!

अमेरिकेंतील मोटारींचेंही असेंच होतें. कॅडिलॅक एल्डोराडोची शक्ति १९७१ सालीं ३६५ जाहीर झाली, १९७२ सालीं २३५. इंजिन जवळजवळ तेंच; पूर्वीं तें उघडें मोजीत, पुढें पंखा, धूरनळी इत्यादि सामानासह मोजूं लागले. चाकांपर्यंत पोंचणारी शक्ति त्याहूनही कमी.

पंपाच्या पाटीवर उंची व प्रवाह हेही आंकडे बारीक अक्षरांत असतात. पैसे मोजण्यापूर्वीं आपल्या विहिरीशीं तेच ताडून पाहावे.