सागराची साक्ष

न्हाणीघरातील तांब्याचा हंडा, ज्याला आम्ही कोकणीभाषक ‘भाण’ म्हणतो, संध्याकाळी तापवून ठेवला तर चूल विझताच खोलीतील हवा निवते. भाणातील पाणी मात्र बराच वेळ ऊन राहते. पाणी उशिरा तापते व उशिरा निवते, हे खारे व मतलई वारे शिकताना आपण पाठ केलेलेच आहे.

पृथ्वी तापत आहे काय, या प्रश्नाचा निवाडा करतानाही पाण्याचा हाच धर्म उपयोगी पडतो. हवेतील पारा चंचल. एका कडक उन्हाळ्याने काही सिद्ध होत नाही. समुद्र तसा नाही. कोळसा व खनिज तेल जाळल्याने वातावरणात साठलेल्या वायूंनी जी जादा उष्णता अडविली, तिच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे.

पण पूर्वीचा समुद्र किती ऊन होता, हे कसे कळावे? ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ च्या डिसेंबरात निघून १८७६ च्या मे महिन्यात परतले. (आपल्या अरबी समुद्रात ते आलेच नाही!) ठिकठिकाणी थांबून, दोराला उष्णतामापक बांधून तो खोल सोडावयाचा आणि वर ओढून आकडा टिपावयाचा, असा त्यावरील शास्त्रज्ञांचा क्रम होता. आज तेच काम ‘आर्गो’ नावाची सुमारे चार हजार तरती यंत्रे करतात. दर दहा दिवसांनी ती २,००० मीटरपर्यंत बुडी मारतात आणि वर येताना घेतलेली मापे उपग्रहामार्फत धाडतात. या कार्यात हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही भारतीय संस्थाही सहभागी आहे.

२०१२ साली या दोन्ही नोंदींची तुलना प्रसिद्ध झाली. पृष्ठभागी सरासरी ०.५९ अंश सेल्सिअस, तर वरच्या ७०० मीटरांत मिळून ०.३३ अंश वाढ आढळली. आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु सबंध वातावरण एक अंशाने तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितकी समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर थरालाच लागते. येथे तर थर ७०० मीटरांचा आहे!

चिकित्सक विद्यार्थी विचारील, की दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या उपकरणांवर भरवसा काय ठेवावा? शंका रास्त आहे. प्रवाहामुळे दोर तिरपा होई, म्हणून उष्णतामापक समजुतीपेक्षा उथळ, म्हणजे बहुधा अधिक उबदार पाण्यात राही. शिवाय खोल पाण्याच्या दाबाने त्याची काच दबून आकडा किंचित चढे. दोन्ही दोषांमुळे जुना समुद्र होता त्याहून ऊनच नोंदला गेला. तेव्हा खरी वाढ या आकड्यांहून कमी नव्हे, काहीशी अधिकच असण्याचा संभव आहे.