हस्की आणण्याआधी

चि. सोनूस,


काल रात्री वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता म्हणाली, "सोनू पिल्लू आणतोय, निळ्या डोळ्यांचं." म्हणजे हस्की! मे महिन्यात पारा ४५ वर जातो त्या नागपुरात, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी चहाच्या आधी लिहायला बसले.

अरे, ही ईशान्य सैबेरियातल्या चुकची लोकांची जात. बर्फावरून गाड्या ओढत मैलोन्‌मैल पळावं, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा दाट. उन्हाळ्यात भादरून टाकू म्हणशील, तर तसंही करायचं नसतं. तेच केस उन्हापासून कातडी राखतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते गार होतं. दिवसभर एसी लावशील, पण वीज गेली की? तू मिहानला कामावर, घरात वहिनी. तिने काय करायचं?

माझा जीव तिथेच अडकलाय. तू सकाळी नऊला जातोस, रात्री आठला उगवतोस. मधल्या वेळात पट्टा कुणाच्या हातात? एका टोकाला ओढण्यासाठीच जन्मलेलं २०-२५ किलोचं जनावर, दुसऱ्या टोकाला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली तुझी आई. जिन्यात एक हिसका पुरे.

रील बघून जात निवडायची नसते रे. आपल्या घरात दुपारी दोन वाजता कोण असतं आणि काय करतं, ते बघून निवडायची. लॅब्रॅडॉर म्हणशील, तर स्वभावाने सोनं. पण ३० किलोचं धूड, खायला अखंड तयार, आणि पहिली दोन वर्षं नुसता धिंगाणा. बीगल दिसायला लहान, पण टोळीने सशाचा माग काढणारी जात. एकटं पडलं की रडून बिल्डिंग डोक्यावर घेईल. पगचं तोंड इतकं चपटं की उन्हाळ्यात त्याला श्वास पुरत नाही. आमच्या जत-सांगोल्याकडचा कारवान काटक, उन्हाला न डगमगणारा. पण तो माळावर सुसाट धावायचा, आणि परक्याने हात लावलेला त्याला खपत नाही. तोही नको.

टायगरचं तुला दादाने सांगितलं असेलच. आमच्या आण्णांच्या मागे लागून अल्सेशियन मीच आणवला आणि वर्षभरात होस्टेलला निघून गेले. मेंढ्या राखायला घडवलेली जात ती, आणि आमच्या अंगणात साखळीला. गल्ली त्याला चावरा म्हणायची. त्याला दिवसभर काम नव्हतं, एवढंच. सुटीत घरी आले की मला बघून असा उड्या मारायचा... जाऊ दे.

रागावले, मनावर घेऊ नकोस. दादा गेल्यापासून वहिनी दुपारभर टीव्ही लावून ठेवते, घरात आवाज असावा म्हणून. ते तुझ्या लक्षात आलं आणि त्यातूनच हे निघालं, हे काय मला कळत नाही?

मग तिच्यासाठीच आणायचं, तर पिल्लू नको. तीन-चार वर्षांचं, शांत, मध्यम अंगाचं गावठी कुत्रं दत्तक घे. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच दिसतो, आणि आपलं ऊन त्याला नवं नसतं. वहिनीला बरोबर ने. आपणहून तिच्या पायाशी येऊन बसेल ते निवड. नसबंदी, दरवर्षी रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, हे सगळं तू बघायचंस. सकाळ-संध्याकाळचा फेराही तुझाच; पट्टा तिच्या हातात द्यायचा नाही. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं. तोवर तुझं लग्न होईल, बदली होईल, तेव्हा ते कुठे राहील याचाही विचार कर. एवढं जमणार नसेल तर सध्या कुत्रं राहू दे, रोज दुपारी तिला फोन कर.

पिल्लाचे आगाऊ पैसे दिले असशील तर बुडाले समज, मी भरून देईन. आणि बाळा, दादाच्या दिवसकार्यात सगळ्यांना तू सांभाळलंस, तुला कुणी विचारलंच नाही. दिवाळीला दोघं इकडे या. कुत्रं आणलं असेल तर त्यालाही घेऊन या.

तुझी,
आत्या